‘अखेरच्या पेट्या’ : हापूसच्या एका मेलचा मथळा आणि त्यावर आलेली पत्रे

रत्नागिरी तालुक्यात पावसच्या आसपास बागा असलेल्या काही बागायतदारांचा एक छोटा गट आपला बराचसा हापूस वाशीच्या बाजारात न पाठवता थेट मुंबई-पुण्यातील घरांत पोचवतो. पेट्यांची नोंदणी मेलवरून होते आणि या गटाचे मेल मी लिहिते. यादीत अकराशेच्या आसपास पत्ते आहेत. त्यांतील पुष्कळसे मूळचे कोकणातले, नोकरीनिमित्त शहरात स्थिरावलेले लोक आहेत, आणि काही जण परदेशातून मुंबईतील आईवडिलांसाठी पेटी नोंदवतात. पुढे दिलेले प्रकरण अलीकडच्याच एका हंगामातले आहे. वाचकांची ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे; मथळे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळा प्रश्न त्या शब्दांचाच आहे.

त्या वर्षी मोहोर दोन टप्प्यांत आला होता. थंडी लांबली की कलमांना पुन्हा मोहोर फुटतो, त्याला आपल्याकडे पुनर्मोहोर म्हणतात. त्यात पहिल्या मोहोराची बरीचशी कैरी गळून जाते, आणि जी टिकते ती मार्च-एप्रिलमध्ये काढणीला येते. मागाहून आलेल्या मोहोराचे फळ मेमध्ये तयार होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला, काढणीला आलेल्या फळावर करपा हा बुरशीचा रोग दिसू लागला, आणि गटाच्या बैठकीत ठरले की पहिल्या मोहोराचा जेवढा चांगला आंबा हाती आहे तेवढा ताबडतोब नोंदवून मोकळे व्हावे. त्याच रात्री मी मेल लिहिला. त्याचा मथळा असा होता: ‘हंगाम संपला! हापूसच्या अखेरच्या पेट्या, नोंदणी आज रात्रीपर्यंतच’.

मेलच्या चौथ्या परिच्छेदात मी स्पष्ट लिहिले होते की या पेट्या पहिल्या मोहोराच्या आहेत आणि दुसऱ्या मोहोराचे फळ कसे निघते ते मेमध्ये कळवू. म्हणजे मजकुरात खोटे काही नव्हते. मथळ्यात होते.

पेट्या दुपारपर्यंत संपल्या. त्या हंगामातला सर्वाधिक उघडला गेलेला मेल हाच होता, आणि दोन दिवस आम्ही सगळे मनापासून समाधानी होतो. मग मे उजाडला. मागच्या मोहोराचा आंबा अपेक्षेपेक्षा बरा निघाला, सगळीकडूनच आवक वाढल्यामुळे भाव नेहमीप्रमाणे उतरले, आणि आम्ही ‘मे महिन्याचा हापूस, उतरलेल्या दरात’ असा मेल पाठवला. एप्रिलच्या पेटीहून या पेटीचा दर सातशे रुपयांनी कमी होता.

तीन दिवसांत तेवीस उत्तरे आली. एरवी आमच्या मेलला उत्तर येते ते ‘पेटी कधी पोचेल’ एवढेच विचारणारे.

ही उत्तरे मी छापून काढून पडवीत बसून वाचली, आणि कोणाही मेल लिहिणाऱ्याने टीका निदान एकदा तरी कागदावर वाचावी असे मला तेव्हापासून वाटते. पडद्यावर हात लगेच उत्तर लिहू लागतो, कागदावर माणूस वाचत राहतो. सगळी पत्रे एका जातीची नव्हती. सात-आठ जणांचे म्हणणे सरळ होते: तुम्ही संपला म्हणालात म्हणून आम्ही चढ्या दराने घेतला, आता तोच आंबा स्वस्त कसा? दोघांनी केवळ संतापाचे दोन शब्द लिहून यादीतून नाव काढायला सांगितले. एका वाचकाला मथळ्यात अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते. काहींनी फक्त ‘मेल फार येतात’ असे कळवले होते. आणि निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंचे दीड पानांचे पत्र होते, ज्यातील एक वाक्य मला अजून पाठ आहे: “ज्यांनी ‘अखेरच्या’ लिहिले आणि ते खरे नव्हते, त्यांनी ‘रत्नागिरी’ लिहिले तर ते खरे कशावरून धरायचे?”

या वाक्याने मी हादरले. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील आंब्यालाच ते नाव लावता येते, आणि ते लावण्यासाठी उत्पादकाला रीतसर नोंदणी करावी लागते. परप्रांतातील आंबा कोकणच्या नावाने विकला जातो ही इथल्या प्रत्येक बागायतदाराची जुनी वेदना आहे. आमच्या गटाने ती नोंदणी कष्टाने केलेली होती आणि आमचा प्रत्येक दाणा याच मातीतला होता. तरीही एका विशेषणामुळे बाईंच्या मनात मूळ गावाविषयीच शंका उभी राहिली. हा आरोप खरा नव्हता, पण तो निराधारही म्हणता येत नव्हता, कारण त्याला आधार आम्हीच पुरवला होता.

तरीसुद्धा मी लिहिलेला उत्तराचा पहिला मसुदा बचावाचाच होता. तो इथे देते, कारण असे मसुदे बहुतेक जण लिहितात आणि त्यांतले बहुतेक पाठवलेही जातात: “आमच्या मेलच्या चौथ्या परिच्छेदात ‘पहिल्या मोहोराच्या पेट्या’ असा स्पष्ट उल्लेख आहे. तरी काही वाचकांचा गैरसमज झाला असल्यास आणि त्यांच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.” तो घेऊन मी गटातील ज्येष्ठ बागायतदारांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. ते पिकायला घातलेली आढी उलगडून आंबे निवडत बसले होते. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि समोरच्या कलमाकडे बोट दाखवून म्हणाले, “अगो, तू शेवटच्या म्हटलंस ना? मग हे लोंबतंय ते काय आहे? लोकांचा गैरसमज झाला नाही. तू सांगितलंस तेच ते समजले.”

घरी येऊन तो मसुदा मी पुन्हा वाचला तेव्हा त्यातील प्रत्येक क्रियापद मला टोचू लागले. मराठीत ‘चूक झाली’ आणि ‘गैरसमज झाला’ असे म्हणायची सोय आहे. चूक जणू आपली आपणच होते, ती करणारा वाक्यात कुठेच नसतो. ‘असल्यास’ या शब्दाने तर क्षमा मागण्याआधीच ती परत घेतली जाते. ‘भावना दुखावल्या’ हा शब्दप्रयोग आपल्या सार्वजनिक भाषेत इतका झिजला आहे की, सातशे रुपये जास्त देऊन बसलेल्या माणसाला तो ऐकवणे हा वेगळाच अपमान ठरावा. त्यांच्या भावनांना काही झालेले नव्हते. आमच्या सांगण्यावरून त्यांनी एक निर्णय घेतला होता आणि तो निर्णय चुकीच्या माहितीवर उभा होता. दुसऱ्या मसुद्याचे पहिले वाक्य मग असे झाले: “एप्रिलच्या मेलच्या मथळ्यात आम्ही ‘हंगाम संपला’ असे लिहिले. ते चुकीचे होते आणि ते लिहिताना दुसऱ्या मोहोराचा आंबा झाडावर आहे हे आम्हाला माहीत होते.” दुसरा भाग लिहायला मला जड गेले. पण तो नसता तर पहिल्याला अर्थ नव्हता.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्या चौथ्या परिच्छेदातच आहे. जो खुलासा वाचल्यावर वाचकाचा निर्णय बदलू शकतो, तो खुलासा मथळ्यातच हवा. मजकुरात कितीही ठळकपणे लिहिला तरी तो तिथे असल्याचा उपयोग लिहिणाऱ्याला होतो, वाचणाऱ्याला होत नाही. मथळा वाचून ज्याने घाईने पेटी नोंदवली, त्याला चौथ्या परिच्छेदापर्यंत जाण्याची गरजच आम्ही ठेवली नव्हती. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत डार्क पॅटर्नविषयीची, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करून त्याला निर्णय घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि त्यांत सांगितलेल्या १३ प्रकारांत खोटी घाई निर्माण करणे हा एक प्रकार आहे. परदेशातील वाचकांपुरते पाहिले तर अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानेही व्यापारी मेलमध्ये मजकुराविषयी दिशाभूल करणारा मथळा देण्यास मनाई केली आहे. हे आम्हाला नंतर कळले, आणि कायद्याच्या भीतीने नव्हे तर त्यातील वर्णन आमच्या मथळ्याशी इतके तंतोतंत जुळत होते म्हणून ते वाचताना मान खाली गेली.

मग प्रश्न असा की तो मथळा आम्हाला बरा का वाटला होता? तो चाचणीत ‘जिंकला’ होता. पाठवण्याआधी मी दोनशे-दोनशे पत्त्यांना दोन वेगळे मथळे पाठवून पाहिले होते. साधा मथळा ५२ जणांनी उघडला, ‘अखेरच्या’ वाला ६१ जणांनी. नऊ जणांचा फरक मला निर्णायक वाटला. वास्तविक एवढ्या लहान गटांत, दोन्ही मथळे अगदी सारख्या ताकदीचे असते तरी, असा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने साधारण तीनातून एकदा पडतो. शिवाय ‘उघडला’ हा आकडाच आता पूर्वीसारखा विश्वासार्ह राहिलेला नाही: सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १५ ही प्रणाली आल्यापासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल तर माणसाने मेल उघडो वा न उघडो, त्यातील चित्रे, ज्यांच्यावरून मेल उघडल्याचे मोजले जाते, आधीच उतरवून घेतली जातात आणि आपल्याकडे तो उघडल्याची नोंद होते. थोडक्यात, ज्या पुराव्यावर मी मथळा निवडला तो पुरावा नव्हताच. आणि समजा असता, तरी मेल किती जणांनी उघडला यावरून मथळ्याने लक्ष वेधले एवढेच कळते. वाचल्यावर वाचकाला फसवल्यासारखे वाटले का, हे त्या आकड्यात कधीच दिसत नाही. ते त्या तेवीस पत्रांत दिसले.

दुरुस्तीचा मेल कोणत्या मथळ्याने पाठवायचा यावर गटात बराच वाद झाला. ‘आपल्यासाठी महत्त्वाची सूचना’ असा मथळा काहींना हवा होता, म्हणजे ज्यांच्या लक्षात आले नव्हते त्यांच्या लक्षात ते आणून दिले जाणार नाही. माझे म्हणणे असे होते की चूक ज्या जागी आणि ज्या आकाराच्या अक्षरांत केली, दुरुस्तीही त्याच जागी व्हायला हवी. नाना माझ्या बाजूने होते. शेवटी मथळा गेला तो असा: ‘आमची चूक: हंगाम संपला नव्हता, दरातील फरक परत’. पैशांचा मुद्दा याहून अवघड होता. गटातील एका तरुण बागायतदाराने रास्त आक्षेप घेतला की, लवकरच्या आंब्याचा दर नेहमीच चढा असतो, फवारणीचा आणि राखणीच्या गुरख्यांचा खर्च काही परत येत नाही, आणि बाजारात कोणी असा फरक परत करत नाही. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आंबा महाग विकला हा आमचा दोष नव्हता. पुढे मिळणारच नाही असे सांगून महाग विकला हा होता. म्हणून त्या मेलनंतर, त्याच दिवशी नोंदवलेल्या पेट्यांपुरताच फरक परत करायचे ठरले, रोख किंवा पुढच्या पेटीत वळता करून, जसे ज्याला हवे तसे. त्या आधी ज्यांनी नोंदवले होते त्यांचा निर्णय मथळ्यामुळे झालेला नव्हता.

तेवीस जणांना मात्र सामायिक मेलवर न सोडता प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिले. ज्यांनी केवळ राग व्यक्त करून नाव काढायला सांगितले होते त्यांचे नाव त्याच दिवशी काढले आणि काढल्याचे एका ओळीत कळवले. त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही, कारण जाणाऱ्याला दारात अडवून खुलासे देणे ही त्याच्या वेळेची आणखी एक नासाडी असते. ही तत्परता व्यवहाराच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. नाव काढण्याची वाट सापडली नाही की माणूस मेल स्पॅम म्हणून नोंदवतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठी जे नियम लागू केले त्यांत स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट आहे. आमच्या यादीत जीमेलचे सहाशेच्या घरात पत्ते धरले तर ०.३ टक्के म्हणजे दोन माणसे होतात. दोन माणसांनी एक बटण दाबले तर मर्यादा गाठली जाते!

चौकोनांची तक्रार मी सुरुवातीला किरकोळ समजले, आणि तीही चूकच होती. मेलचे मथळे मुळात रोमन अक्षरांसाठी बनवलेले आहेत. इतर लिप्यांसाठी १९९६ साली ठरलेल्या पद्धतीत मथळ्याचे सांकेतिक तुकडे करून ते पाठवले जातात आणि एक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा असू शकत नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हे मावतात. ‘अखेरच्या’ या एकाच शब्दात आठ आहेत. पाठवणारे सॉफ्टवेअर नीट नसेल आणि त्याने चिन्हाच्या मधोमध तुकडा पाडला, की तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. आमच्याकडे तेच होत होते. सॉफ्टवेअर बदलल्यावर तक्रार मिटली, आणि त्या गृहस्थांना मी कारणासकट उत्तर लिहिले तेव्हा त्यांनी आणखी एक चित्र पाठवले, ज्याने माझे मथळे लिहिणे कायमचे बदलले.

त्या चित्रात त्यांच्या फोनवर आमचा मार्चमधील एक मेल दिसत होता. मथळा होता ‘पाडव्याच्या पेट्यांचे दर यंदा वाढवलेले नाहीत’. फोनने तो ‘पाडव्याच्या पेट्यांचे दर यंदा वाढवलेले…’ इथे कापला होता. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो, त्यामुळे फोनच्या अरुंद पडद्यावर शेपूट तुटले की अर्थ नेमका उलटा होतो. परक्या भाषेतील मथळ्यांचे आडाखे आपण वाचतो तेव्हा हा धोका लक्षात येत नाही, कारण तो आपल्या भाषेच्या घडणीतला आहे. तेव्हापासून नकारार्थी मथळा मी लिहितच नाही. ‘दर गेल्या वर्षीचेच: पाडव्याच्या पेट्या’ असे लिहिते, म्हणजे कुठेही कापला तरी जे उरते ते खरेच असते. मथळ्याखाली फोनवर जी फिकट ओळ दिसते तिथे कित्येक महिने ‘हा मेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ एवढेच दिसत होते, आणि वाचकाला थोडे आणखी सांगण्याची हक्काची जागा अशी वाया जात होती. तिथे आता पेटीतील डझन, फळाचे वजन आणि ती कोणत्या आठवड्यात निघेल हे असते.

निवृत्त शिक्षिकांना उत्तर मी सर्वांत शेवटी लिहिले. मानांकनाच्या नोंदणीचा तपशील दिला, ज्या बागेतून त्यांची पेटी निघाली ती कोणती हे कळवले, आणि त्यांच्या शंकेबद्दल नाराजी न दाखवता एवढेच लिहिले की ती शंका आम्ही दिलेल्या कारणामुळे आली आहे. त्यांचे उत्तर आले नाही. दुरुस्तीच्या मेलनंतर एकोणीस जणांनी यादी सोडली, त्यांत असेही होते ज्यांना आधी काही खटकले नव्हते आणि आमच्याच कबुलीमुळे खटकले. तरुण बागायतदाराने ती संख्या मला दाखवली आणि मी ती नाकारली नाही. दुसरीकडे फरकाची रक्कम मिळण्यास पात्र असलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ती घेतलीच नाही. त्याचा अर्थ काय लावावा याविषयी आमच्यात आजही एकमत नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा एक मथळा घेऊन नानांच्या पडवीत गेले. त्यावर लिहिले होते: ‘मेमध्ये पुन्हा आंबा आहे; या टप्प्याच्या साठ पेट्या बाकी’. त्यांनी विचारले, “साठ कोणी मोजल्या?” मी म्हटले, अंदाज आहे. त्यांनी झेला, म्हणजे फळ तोडायची जाळी लावलेली काठी, उचलला, दोन गड्यांना हाक मारली आणि स्वतः बागेत गेले. फळ चौदा आणे, म्हणजे काढणीपुरते, तयार आहे की नाही हे पाहत त्यांनी संध्याकाळपर्यंत कलमे फिरून मोजदाद केली. मेल एक दिवस उशिरा गेला. मथळ्यात पेट्या त्रेपन्न होत्या.